स्वभाव : गरीब

आमच्या घरात दोन मुली होत्या आणि आईनं दोघींना एकेक विशेषण कायमचं चिकटवून टाकलं होतं. थोरली गरीब, धाकटी मारकी. पाहुणे आले की चहाचा कप पुढं करता करता ती हे सांगून मोकळी व्हायची, जनावरांच्या बाजारात सांगतात तसं. धाकटी मी. अक्का गरीब म्हणून तिला स्थळं पटापट आली. करमाळ्याच्या एका मोठ्या घरात ती दिली गेली आणि तिथंही सगळे म्हणाले, सून गरीब आहे हो, एका शब्दानं उलट बोलत नाही. मी मारकी म्हणून शिकत राहिले. सोलापूरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते.

ज्याच्याकडं पैसे नाहीत तो गरीब, आणि जो लाथ मारत नाही तोही गरीब. दोघांना आपण एकच शब्द का वापरतो, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत कधी खटकलं नाही. मग एकदा हा शब्द मी एका कागदावर लिहिला. त्याची ही हकिकत आहे, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

आमच्या गल्लीत जनावरांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडं ज्या वीटभट्ट्या आहेत, तिथल्या गाढवांच्या पाठीला औषध लावायला ते दर रविवारी जात. कच्च्या विटा वाहून त्या पाठी सोललेल्या असतात. डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरची चारपाच माणसं यांची मागणी अगदी छोटी होती. मार्च ते मे, दुपारी बारा ते चार गाढवांना सावलीत सोडा आणि भट्टीवर त्यांच्यासाठी पाण्याचा एक हौद ठेवा. बस, एवढंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या वेळेला कुत्रंसुद्धा गाडीखालून हलत नाही.

ही मागणी घेऊन ते एका सरकारी कचेरीत गेले, बरोबर जखमांचे फोटो. साहेबांनी फोटो चाळले आणि म्हणाले, "वाईटातलं वाईट गाढव शोधून फोटो कुणीही काढेल. सगळ्यांची काय स्थिती आहे ते दाखवा. अभ्यास आणा."

डॉक्टर तिथून थेट माझ्या दारात आले. "भावना त्यांच्या टेबलावरून घसरून पडते, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही आकडे द्या."

साहेबांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. एका फोटोवर नियम करू नये. मी वर्गात जन्मभर हेच शिकवत आले. माझा राग त्या वाक्यावर नाही, पुढं जे झालं त्यावर आहे.

परदेशात ओझ्याच्या जनावरांसाठी वापरतात तसा एक इंग्रजी तपासणीतक्ता डॉक्टरांकडं होता. अंगावरचं मांस, जखमा, खुरं, डोळे, असे रकाने. तो मराठीत आणायचं काम मी घेतलं. जेवणाच्या टेबलावर बसून मी एकेक रकाना उतरवत गेले. एका रकान्याशी अडले. माणूस जवळ गेल्यावर जनावर काय करतं, याच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली सावध, तिसरी चवताळलेलं, आणि मधली म्हणजे ज्यानं आजूबाजूच्या जगातून लक्षच काढून घेतलं आहे असं. उदासीन लिहिलं, खोडलं. विरक्त लिहिलं, स्वतःलाच हसू आलं. मदतीला माझ्या दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, असले शब्द भट्टीवर कुणाला कळणार? गरीब लिहा की." मला तो शब्द फार आवडला. लोकांच्या भाषेत तक्ता केला म्हणून मी स्वतःवर खूश झाले. रकान्याला नाव दिलं 'स्वभाव', तीन पायऱ्यांच्या दोनच केल्या आणि खाली लिहिलं, गरीब, मारका.

थंडीत आम्ही भट्ट्यांवर गेलो. एका भट्टीचे मालक कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. आम्ही वाकून खुरं तपासत होतो ते बघून म्हणाले, "अडलेला हरी गाढवाचे पाय धरतो हे ऐकलं होतं. शिकलेलाबी धरतो व्हय?" सगळी भट्टी हसली. मीही हसले. गाढव हा शब्द आला की आपल्याकडं हसायचं असतं, गाढवासमोरसुद्धा.

तिथं माढ्याकडच्या एका बाई होत्या. माझ्याच वयाच्या असतील, उन्हानं मात्र माझ्याहून पुष्कळ म्हाताऱ्या केलेल्या. त्यांची तीन गाढवं. दोन तरणी आणि एक राखाडी गाढवीण. गाढविणीच्या पाठीवर पोतं घासून घासून तळहाताएवढा लाल पट्टा पडला होता.

"मावशी, ही स्वभावानं कशी आहे? मारते का?" मी विचारलं.

"न्हाय वो बाई. लई गरीब हाय. शेपूट वढा न्हायतर कान वढा, हालायची न्हाय."

मी गरीबवर खूण केली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, काही नाही. जाताना तिच्या कपाळावरून हात फिरवला. ती हलली नाही, तर मला वाटलं तिला बरं वाटलं असेल.

अहवालाचा कच्चा मसुदा त्याच विद्यार्थिनीनं केला. त्यात एक वाक्य होतं, 'बहुतेक गाढवे शांत स्वभावाची असून तपासणीस विरोध करीत नाहीत.' 'शांत' आला कुठून, तर माझ्याच 'गरीब'मधून. मी लाल पेन घेऊन तो मसुदा तपासला. 'तपासणीस'मधली वेलांटी ऱ्हस्व झाली होती, ती दीर्घ केली. वाक्य तसंच ठेवलं.

मार्चमध्ये बैठक झाली. साहेब होते, भट्टीवाल्यांच्या वतीनं तेच कडुनिंबाखालचे मालक होते, डॉक्टर आणि मी होतो. जखमांची पानं साहेबांनी भराभर उलटली. या वाक्याशी थांबले, मोठ्यानं वाचलं.

मालकांनी मांडीवर थाप मारली. "बघा! गाढवांची काय तक्रार न्हाय. तक्रार मॅडमची हाय."

साहेब हसू दाबत म्हणाले, "मॅडम, अहवाल तुमचाच आहे. जखमांवर उपचार करायला आम्ही सांगूच. पण दुपारच्या विश्रांतीची गरज काही यातून दिसत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडले. टेबलावर हात आपटला. कारकुनाच्या चहाचा पेला सांडला. जे काही बोलले त्यातलं एक वाक्यही कामाचं नव्हतं, कारण कागद त्यांच्या हातात होता आणि त्यावर सही माझी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्यांना विश्रांती नाकारायची होती त्यांना नकाराचं कारण मी टाइप करून, बांधणी करून नेऊन दिलं होतं.

घरी येऊन मूळ इंग्रजी तक्ता काढला. मधल्या पायरीपुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही खूण दीर्घ दुखण्याची किंवा थकव्याची असू शकते. मी ती ओळ पूर्वी वाचली होती. वाचली होती आणि तिच्या जागी असा शब्द लिहिला होता, जो आपल्याकडं जनावर विकताना कौतुकानं सांगतात.

पुढच्या रविवारी डॉक्टरांबरोबर पुन्हा त्या भट्टीवर गेले. मावशी जेवायला बसल्या होत्या. मी जरा घुश्शातच विचारलं, "मावशी, तुम्ही तर म्हणाला होता गरीब आहे म्हणून."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गातली मठ्ठ पोरगी असावी. "तुमी विचारलं, मारती का. म्या म्हनलं, न्हाय. बरी हाय का, आसं कुटं विचारलं तुमी?"

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

मावशींच्या फडक्यात कडक भाकरी होती, आमच्याकडं वाळवून ठेवतात तसली, पापडासारखी कुरकुरीत. त्यांनी ती गाढवांच्या मागं धरून काडकन मोडली. दोन्ही तरण्या गाढवांचे कान गर्रकन मागं वळले, एकानं मानही वळवली. राखाडी गाढवीण तशीच उभी राहिली. मावशींनी दुसरी भाकरी तिच्या अगदी जवळ मोडली. कान लोंबतच राहिले.

"गरीब जनावर आईकतं वो," मावशी म्हणाल्या. "मारत न्हाय, पर कान देतं. ही आता आईकतच न्हाय. ही गेलीय कुटंतरी."

डॉक्टरांनी गाढविणीचा लोंबता कान हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "गाढव दुखणं दाखवत नाही, ओरडत नाही. म्हणून कान, मान, नजर बघायची असते. हे पुस्तकात आहे, आपल्या तक्त्यातही होतं. मराठीत आणताना आपण हरवलं." 'आपण' हा शब्द त्यांनी सौजन्यानं वापरला. हरवलं मी.

राखाडी गाढविणीला काही दिवस तरी कामातून सोडा, असं डॉक्टरांनी मावशींना सांगितलं. "मला काय सांगता? मालकाला सांगा," त्या म्हणाल्या. "तिच्या वाटच्या खेपा कोन करनार? म्या पाठीवर घेऊ?" मी मालकांकडं गेले. ते अगदी गोड बोलले. "साहेबांचा कागद आणा मॅडम, त्या घडीला थांबवतो." त्या कागदाला आडवं आलं होतं ते माझंच वाक्य, हे त्यांना माहीत होतं. मलाही.

एप्रिलभर आम्ही सगळं पुन्हा केलं. 'स्वभाव' हा रकानाच काढून टाकला. त्याऐवजी प्रश्न लिहिला, मागं भाकरी मोडली असता कान वळतो का? दोघींनी एकाच वेळी बघायचं, एकमेकींचा कागद न बघता लिहायचं. एकदा सकाळी, एकदा दुपारी. मुली कॉलेजात 'भाकरीवाल्या' म्हणून प्रसिद्ध झाल्या. पण कागद बोलायला लागले. सकाळी कान देणारं गाढव दुपारी तीनला देत नव्हतं. तेच गाढव, तीच भाकरी. मधे फक्त ऊन आणि विटा. मालक मला गाढवापुढं गीता वाचणारी म्हणायचे. गीता वाचायची गरजच नव्हती, नुसतं ऐकतंय का तेवढं बघायचं होतं.

राखाडी गाढवीण सकाळीही कान देत नव्हती आणि दुपारीही नाही.

मे महिन्यात एके दिवशी दुपारी डॉक्टरांना मावशींचा फोन आला. आम्ही रिक्षानं पोचलो तेव्हा ती कच्च्या विटांच्या रांगेशेजारी पडली होती. पाठीवरचं ओझं उतरवून कुणीतरी विटा बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या. एकही फुटली नव्हती. डॉक्टर खाली बसले, छातीवर हात ठेवला, आणि उठले.

मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. "पडली तवाबी काय बोलली न्हाय," त्या म्हणाल्या. "लई गरीब हुती."

मला त्या शब्दाचा इतका संताप आला की मी तिथून चालत रस्त्यावर आले. मालकाचा राग आला, ते तेव्हाही कडुनिंबाखालीच बसले होते. साहेबांचा आला, त्यांच्या खोलीत थंड हवेचं यंत्र आहे. सगळ्यांत जास्त माझ्या त्या लाल पेनाचा आला. मी वेलांटी बघितली होती. मार्चमध्ये ते वाक्य नसतं, तर कदाचित त्या दुपारी ती सावलीत असती. 'कदाचित' हा शब्द मी शिकवते, त्याचं गणित मला येतं, आणि तरी तो मला दिलासा देत नाही.

संध्याकाळी करमाळ्याला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "अक्का, लग्नानंतर तिथं तू बरी होतीस का गं?"

ती म्हणाली, "आज हे काय मधेच?" आणि आवाज खाली आणून, "तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की." मग तिनं यंदा आंबे कसे आहेत ते विचारलं. मी सांगितलं.

दुसरी बैठक जूनमध्ये झाली. जायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "मागच्या वाक्याचा विषय निघालाच तर 'शब्दांकनातील त्रुटी' म्हणा आणि पुढं चला." विषय निघालाच. साहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. "मॅडम, गेल्या वेळी तुम्हीच शांत म्हणाला होता. आता म्हणता बधिर. यातलं खरं कुठलं धरायचं?"

मी उभी राहिले. विद्यार्थ्यांच्या एकेका चुकीच्या रकान्यासाठी मी जन्मभर मार्क कापले आहेत. "त्रुटी नाही, चूक," मी म्हटलं. "माझी. मी विचारलं, मारते का. विचारायला हवं होतं, बरी आहे का. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या हातात दिलं आणि तुम्हाला सोयीचं होतं म्हणून तुम्ही ते तपासलं नाही. ती गाढवीण आता मेली. आता हा दुसरा अहवाल नीट वाचा."

मालक म्हणाले, "म्हंजे आता सरकार भाकरीवर नियम करणार?"

माझ्या पिशवीत एक कडक भाकरी होती. ती मी टेबलाखाली धरून काडकन मोडली. साहेब, मालक, कारकून, दारातला शिपाई, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"तुम्ही सगळे बरे आहात," मी म्हटलं. "कागदावर लिहून देते हवं तर."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी सकाळचं आणि दुपारचं पान समोरासमोर धरून वाचलं, खरोखर वाचलं. आदेश निघायला दिवाळी उजाडली, पण निघाला. पुढच्या हंगामापासून बारा ते चार विश्रांती, आणि भट्टीवर पाणी. दर महिन्याला तपासणी, ती आमच्या तक्त्यानुसार. हे शेवटचं वाचून मी हुरळून गेले, हे कबूल करते.

जानेवारीत कचेरीतून निरोप आला की तपासणीचे कागद छापून आलेत, एकदा नजर घाला. मी गेले. खिडकीशेजारच्या टेबलावर दोरीनं बांधलेला हातभर उंच गठ्ठा होता. वरचा कागद ओढला. अंगावरचं मांस, जखमा, खुरं. आणि खाली, ठळक अक्षरात, 'स्वभाव : गरीब / मारका'.

त्यांनी पहिल्या फायलीतला तक्ता छापला होता. दुसरी फाइल त्याच कपाटात, त्याच्याच खाली होती.

मी खुर्ची ओढली, पिशवीतून लाल पेन काढलं आणि बसले. पहिल्या कागदावरची ती ओळ खोडली, वर लिहिलं, 'भाकरी मोडल्यावर कान वळतो का?' तो बाजूला ठेवला, दुसरा घेतला. कारकून धावत आला. गेल्या वर्षी ज्याचा चहा मी सांडला होता तोच.

"मॅडम, मॅडम! सरकारी कागद आहे. खाडाखोड चालत नाही."

"मग नवीन छापून आणा."

"ते आता पुढच्या वर्षी."

"मग खाडाखोड चालते." मी तिसरा घेतला.

तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "एवढं काय त्यात? एका शब्दानं काय होतंय?"

"एक गाढवीण मेली," मी म्हटलं.

तो हसला. गाढव म्हटलं की आपल्याकडं माणूस हसतोच, त्याचा एकट्याचा दोष नाही. मी मात्र हसले नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिले. हळूहळू त्याचं हसू ओसरलं. मी मान खाली घातली आणि चौथा कागद ओढला.